पगार किती, की शिल्लक किती?

गेल्या महिन्यात आपाच्या घरी बैठक बसली होती. विषय होता भाच्याच्या नोकरीचा. तो एमएस करायला अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला, आता एच-१बी व्हिसावर आहे. नोकरी बदलायची म्हणून त्याने दोन मुलाखती दिल्या आणि दोन्हीकडून बोलावणे आले. सॅन फ्रान्सिस्कोत वर्षाला १ लाख ५० हजार डॉलर, ह्यूस्टनमध्ये १ लाख १५ हजार. घरातल्या मोठ्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला: "जिथे जास्त, तिथे जायचं. यात विचारायचं काय?"

भाच्याने मात्र मला फोन केला. "मामू, तुम्ही जरा कागदावर मांडून बघा ना."

मी भाषेचा शिक्षक, गणिताचा नाही. पण आपाने त्याच्या शिक्षणासाठी राहते घर गहाण ठेवले आहे आणि त्या कर्जाचे व्याज ती दर महिन्याला जिवावर आल्यासारखे भरते. म्हणून वही घेऊन बसलो. आकडे ढोबळ आहेत. भाडी त्याने पाहिलेल्या जाहिरातींतली, कर साधारण हिशोबाचा.

पहिली गोष्ट कराची. टेक्सास राज्य पगारावर आयकर घेत नाही. कॅलिफोर्निया घेते, तेही केंद्राच्या करावर वेगळा. सगळी कपात झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत महिन्याला सुमारे ८,४५० डॉलर हातात येतात, ह्यूस्टनमध्ये ७,४५०. वर्षाला ३५ हजारांचा फरक म्हणजे महिन्याला जवळपास २,९०० डॉलर. त्यातले हातात हजारच उरले.

दुसरी गोष्ट घरभाड्याची. एका बेडरूमचे घर तिकडे ३,२०० ला, इकडे १,३०० ला. मात्र ह्यूस्टन अफाट पसरलेले आहे, गाडीशिवाय तिथे निभाव लागत नाही. जुनी गाडी घेतली तरी विमा, पेट्रोल, दुरुस्ती धरून महिन्याला ७०० डॉलर बाजूला ठेवले. सॅन फ्रान्सिस्कोत बस-रेल्वेवर भागते, १०० डॉलर धरले. वजाबाकी केल्यावर तिकडे उरतात ५,१५०, इकडे ५,४५०. म्हणजे कमी पगाराची नोकरी ३०० डॉलरने पुढे!

इथे थांबलो असतो तर मीही दोन मिनिटांत निकाल देणाऱ्यांपैकीच झालो असतो. भाचा अजून एकटा आहे. दोन मित्रांबरोबर घर वाटून घेतले तर तिकडचे भाडे १,६०० वर येते, इकडचे ८००. मग तिकडे उरतात ६,७५० आणि इकडे ५,९५०. आता सॅन फ्रान्सिस्को ८०० डॉलरने पुढे. उद्या लग्न झाले, आपा तिकडे राहायला गेली, दोन बेडरूम लागल्या, की पारडे पुन्हा ह्यूस्टनकडे झुकते.

घर विकत घ्यायचे म्हटले तर अंतर आणखी वाढते. सॅन फ्रान्सिस्कोत साध्या घराला दहा लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. २०१८ साली तिथे चौघांच्या कुटुंबाचे उत्पन्न १ लाख १७ हजार ४०० डॉलरपर्यंत असेल तर सरकारी गृहनिर्माण खात्याच्या व्याख्येत ते 'अल्प उत्पन्न' गटात मोडत होते. ह्यूस्टनमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात घर मिळू शकते. ज्याला तीस वर्षांचे व्याज टाळायचे आहे, त्याच्यासाठी ही बाब छोटी नाही. भागीदारीच्या तत्त्वावर घर देणाऱ्या इस्लामी वित्तसंस्था तिकडे आहेत. त्यांच्या पद्धतीबद्दल उलेमांमध्ये मतभेद असतील, पण किंमतच कमी असली तर बोजाही कमी.

म्हणून ह्यूस्टन 'स्वस्त' आहे असे सरसकट म्हणणेही मला पटत नाही. आयकर नाही, तर राज्य पैसा दुसरीकडून उभा करते. तिथला मालमत्ता कर घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो. २०१७ च्या हार्वे वादळात ते शहर पाण्याखाली गेले होते, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. शिवाय ज्यांच्या हातात अशी दोन पत्रे नाहीत त्यांचे काय? टेक्सासमध्ये कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढेच. सॅन फ्रान्सिस्कोत ते १८ डॉलरच्या वर गेले आहे. कमी उत्पन्नाच्या एकट्या, धडधाकट माणसाला कॅलिफोर्नियात सरकारी आरोग्य योजना मिळते, टेक्सासमध्ये मिळत नाही. आपल्याकडचा पोरगा तिथल्या हॉटेलात भांडी घासत असेल तर त्याचे गणित इंजिनिअरच्या गणितावरून मांडता येणार नाही.

मी भाच्याला सांगितले, "दोन-तीन वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांबरोबर राहा, जास्तीचे ८०० डॉलर दर महिन्याला अम्मीच्या कर्जात टाक. घर सोडव. मग संसाराचं शहर निवड. पण एकट्यासाठी वेगळं घर घेणार असशील, तर तो मोठा पगार घरमालकाचा समज."

तो हसला. म्हणाला, "आणि लोक पॅकेज विचारतील, त्यांना काय सांगू?"

हाच माझा खरा मुद्दा आहे. आपल्या समाजात रिश्ता बघताना, दावतीत, मशिदीबाहेर चप्पल घालताना एकच प्रश्न असतो: पॅकेज किती? त्या आकड्याच्या नादात मुले शहर निवडतात आणि आईबाप गावाकडे हप्ते भरत बसतात. जकातीचा नियम आपण सगळेच जाणतो. निसाबपेक्षा जास्त माल वर्षभर जवळ राहिला तर त्यावर अडीच टक्के. पगारपत्रावर काय छापले आहे, ते तिथे कुणी पाहत नाही. दर रमजानला आपण शिल्लक मोजतो. मुलांच्या नोकरीचा विषय निघाला की तीच सवय का विसरतो?

भाच्याने सॅन फ्रान्सिस्कोला होकार कळवला आहे. आपाला त्याने पगार सांगितलेला नाही. घर किती महिन्यांत सुटेल, तेवढे सांगितले.