पोटावर ताणलेली जर्सी

हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो. जादा वेळ, पेनल्ट्या धरल्या तर चार वाजतात. तोवर विरारची पहाटेची लोकल सुटायला लागलेली असते. दोन तास डोळा लागतो न लागतो तोच डबा, बॅग, आणि चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर, बहुधा उभ्यानेच. नालासोपाऱ्याला दारात लटकणारा बार्सिलोनाच्या बचावफळीचे वाभाडे काढतो. स्वतः मात्र पूल चढताना कठड्याला धरून थांबतो.

फुटबॉल पाहणं हा व्यायाम नव्हे, एवढं तरी कबूल करू या. वसई पट्ट्यातल्या ख्रिस्ती गावांत हा खेळ मुळात खेळायचाच. २०११ पासून वसई-विरारने स्वतःची मॅरेथॉनही उभी केली. म्हणजे हौस कमी नाही. अडचण वेळेची आहे. रात्री साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्याला सकाळी उघडी असणारी मैदानं काय कामाची? महापालिकेने निदान काही मैदानांवर रात्री दहापर्यंत दिवे ठेवावेत. आणि वाचकहो, दिवे लागले तर जर्सी घालून खाली उतरा.