मधली कडी कुठे गेली?

बहात्तरच्या दुष्काळावर निबंध लिहायला सांगा, नववी-दहावीच्या वह्यांत साधारण एकच मजकूर सापडतो. पाऊस पडला नाही म्हणून पिकं गेली, पिकं गेली म्हणून लोकांची उपासमार झाली, म्हणून सरकारने रोजगार हमी योजना आणली. शेवटी ‘झाडे लावा, झाडे जगवा’ आणि पैकीच्या पैकी गुण. पहिल्या ‘म्हणून’बद्दल माझी तक्रार नाही. पुढचे दोन मात्र तपासल्याशिवाय सोडू नयेत.

पीक बुडालं की शेतमजुराच्या घरात आधी धान्य संपत नाही, आधी काम संपतं. खुरपणी नाही, काढणी नाही, मळणी नाही. काम नाही तर मजुरी नाही, आणि मजुरी नसेल तर वाण्याकडे ज्वारीची पोती असूनही चूल थंडच. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या पुस्तकात १९४३च्या बंगालबद्दल हेच दाखवलं : धान्य होतं, पण गरिबांची ते घेण्याची ऐपत उरली नव्हती. मुलांच्या निबंधात नेमकी हीच कडी गळते. मग सरकारने नुसतं धान्य न वाटता माणसांच्या हाती घमेली-फावडी का दिली, हेही कळेनासं होतं. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, सुकडी खायची आणि आठवड्याचा पगार घेऊन बाजार करायचा. तो पगार हीच मधली कडी.

तिसऱ्या ‘म्हणून’ची गंमत और आहे. योजनेचे जनक वि. स. पागे यांनी हा प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५च्या सुमारास करून पाहिला होता. म्हणजे परिणाम कारणाच्या आधीच जन्मला! शिवाय १९६६-६७मध्ये बिहारमध्येही भीषण दुष्काळ पडला. तिथे असा कायदा झाला नाही. आपल्याकडे १९७५मध्ये शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून पैशाची सोय झाली आणि १९७७मध्ये कायदा झाला. दुष्काळाने घाई केली हे खरं, पण एकट्या दुष्काळाने योजना आणली असं लिहिणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

आपल्या नैयायिकांकडे यावर अन्वय-व्यतिरेकाची कसोटी होती. कारण असेल तिथे कार्य दिसतं का, कारण नसेल तिथे तेही नसतं का, एवढंच विचारायचं. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीच्या ओळी तर पोरांना तोंडपाठ असतात. अविद्येपासून शूद्रांच्या दैन्यापर्यंत जाताना फुल्यांनी मधली एकही पायरी गाळलेली नाही. कार्यकारण मांडावं कसं याचा तो वस्तुपाठ. आपण तो फक्त जयंतीच्या भाषणात वापरतो. वर्गात कधी तो उलगडून दाखवला जात असेल तर मला आनंदच आहे.

मराठीच्या शिक्षकांना एक सुचवतो. ‘दुष्काळ : कारणे व परिणाम’ असा भला मोठा विषय यंदा देऊच नका. ‘आपल्या गावाची मुक्कामी एसटी का बंद झाली?’ एवढंच विचारा. कारण एकच मागा, पण कंडक्टर, डेपो, वडापवाले आणि कॉलेजची पोरं यांना विचारून ते सिद्ध करायला दोन पानं द्या. ‘प्रवासी कमी झाले म्हणून एसटी बंद झाली’ असं कुणी लिहिलं, तर एसटी अनियमित झाली म्हणून प्रवासी कमी झाले की काय, हा प्रश्न लाल शाईने समासात लिहा आणि वही परत करा.