कायदेभंगाची किंमत

कोणतेही आंदोलन मिटले की आंदोलकांच्या यादीत शेवटची एक मागणी हटकून असते: आमच्यावरील गुन्हे मागे घ्या. रस्ता कोणी अडवला, कचेरीच्या काचा कोणी फोडल्या, वाहने कोणी पेटवली, या प्रश्नांची उत्तरे मग कोणालाच नको असतात. सरकारला प्रकरण मिटवायचे असते आणि पुढाऱ्यांना पुढच्या निवडणुकीला उभे राहायचे असते. या व्यवहाराला कोणी सत्याग्रहाचे नाव देऊ लागले, तर खरा सत्याग्रह पाहिलेल्या गोमंतकाने तरी ते मुकाट्याने ऐकून घेऊ नये.

राजकीय ध्येयासाठी कायदा मोडणे कधीच समर्थनीय नसते, असे आम्ही म्हणणार नाही. गोमंतकीयांना तसे म्हणताच येणार नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले तेव्हा ते कायदा मोडीतच होते. सालाझारच्या राजवटीत सभा, भाषण आणि छपाई या सर्वांवर सरकारी परवान्याचे कुलूप होते. ज्यांच्यावर राज्य चालत होते त्यांना ते राज्य बदलण्याचा एकही सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हता. जेथे घराला दारच ठेवलेले नाही, तेथे भिंत ओलांडणाऱ्या घरधन्यास चोर कसे म्हणावे?

परंतु त्या पिढीने भिंत ओलांडली ती उघड्या डोळ्यांनी आणि परिणाम स्वतःच्या शिरावर घेऊन. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले, गोळीबाराला सामोरे गेले आणि त्यांतील वीसहून अधिक जण परत गेले नाहीत. १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात महात्मा गांधींनी आरोप कबूल केला, कायद्यातील कठोरात कठोर शिक्षा मागितली आणि सहा वर्षांची कैद शांतपणे स्वीकारली. त्याच्या काही आठवडे आधी चौरीचौरा येथे जमावाने २२ पोलिसांचा बळी घेतला, तेव्हा त्यांनी देशभरची चळवळ थांबवली होती. विजय दृष्टिपथात असताना ती का थांबवली, म्हणून सहकारी रुष्ट झाले. ते पत्करूनही त्यांनी निर्णय बदलला नाही.

सनदशीर दार उघडे असेल तर काय करावे, याचा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला घालून दिला. मार्च १९२७ मध्ये त्यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला असता विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. तुरुंगात जाण्यास सिद्ध झालेला समुदाय समोर असताना बाबासाहेबांनी तो सत्याग्रह स्थगित केला आणि दावा लढवला. अंतिम निकाल १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. पाण्याच्या घोटासाठी दहा वर्षे दावा चालावा, ही न्यायव्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की, घटनात्मक मार्ग मोकळे झाल्यावर सत्याग्रह आणि कायदेभंग हे मार्ग सोडून दिले पाहिजेत.

हे मार्ग पोकळ नाहीत, याचा अनुभव गोव्याने घेतला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने विलीनीकरणाचा प्रश्न मतपेटीतून सुटला. ज्यांच्या पदरी निराशा आली त्यांनीही तो कौल मानला. प्रादेशिक आराखडा २०११ लोकमताच्या रेट्यापुढे सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. उलट डिसेंबर १९८६ मधील भाषिक वादात रस्ते रोखले गेले, घरेदारे जळाली, माणसे प्राणास मुकली. पुढे राजभाषा कायदा झाला, पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पडलेली तेढ कोणत्या कलमाने बुजणार होती?

मात्र दार उघडे ठेवण्याची जबाबदारी सरकारची आहे. मोर्चाची चाहूल लागताच जमावबंदी पुकारणारे शासन शांततेने जमणाऱ्या नागरिकालाच गुन्हेगार बनवते. मतभेदाची न्याय्य अभिव्यक्ती दडपण्यासाठी असा आदेश वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात, शाहीनबागच्या प्रकरणात, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही असेही सांगितले. सरकारला पहिला निकाल आठवत नाही आणि आंदोलकांना दुसरा!

कायदेभंगाला आम्ही तीन कसोट्या लावू. सनदशीर उपाय खरोखर थकले आहेत काय? कृत्य उघडपणे आणि अहिंसेने केले आहे काय? आणि त्याचा भार करणाऱ्याने स्वतः उचलला आहे, की रुग्णवाहिकेत अडकलेल्या रोग्यावर आणि रोजंदारी बुडालेल्या मजुरावर टाकला आहे? या कसोट्यांना जो उतरतो त्याच्यापुढे आम्ही नतमस्तक होऊ. पण त्यालाही शिक्षा चुकवता येणार नाही, कारण ती भोगण्याची तयारी हेच त्याच्या सचोटीचे प्रमाण असते.

म्हणूनच २०१५ साली केरळ विधानसभेत झालेल्या मोडतोडीचे खटले मागे घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिलेला नकार महत्त्वाचा आहे. जमावबंदीच्या नावाखाली शांत निदर्शकांवर भरलेले खटले सरकारने अवश्य मागे घ्यावेत. ती त्याच्याच अतिरेकाची दुरुस्ती ठरेल. जाळपोळ आणि मारहाण करणाऱ्यांचे खटले मात्र शेवटपर्यंत चालले पाहिजेत, आणि त्यांत हाताशी धरलेल्या पोरांच्या आधी चिथावणी देणारे पुढारी उभे राहिले पाहिजेत. आग्वादच्या कोठडीचा वारसा सांगणाऱ्याने निदान कोठडीची वाट टाळू नये.