धडगावचं पातेलं आणि ग्राफिन

आमच्या हॉस्टेलात सध्या ग्राफिनची साथ आलीय! ज्याला त्याला सेमिनारला तोच विषय हवा. परवा माझा रूम पार्टनर म्हणाला, "तांब्याची उष्णतावाहकता ४००, ग्राफिनची ३ ते ५ हजार. पातेल्याला आतून ग्राफिन फासलं की पाणी दहापट लवकर तापणार. तुमच्या धडगावचा सरपणाचा प्रश्न मिटला!" टाळ्याही पडल्या. मला मात्र राहवेना...

धडगाव माझं गाव. सातपुड्यातली थंडी, तीन दगडांची चूल, आणि आईने डोक्यावरून आणलेली मोळी. तिथे दहापट म्हणजे थट्टा नव्हे.

ग्राफिनमध्ये उष्णता सुसाट पळते, कबूल. पण पुढे तिला पाण्यात उतरायचं असतं ना? द्रवरूप हेलियम आणि घन पदार्थ यांच्या सीमेवर तापमान एकदम उडी घेतं, हे कापित्सा यांनी १९४१ साली दाखवलं. इथेही तेच. ग्राफिनमधले कार्बन अणू एकमेकांना घट्ट बांधलेले, त्यांची कंपनं वेगवान. पाण्याचे रेणू त्याला नुसते टेकलेले, त्यांची लय निराळी. होळीला एका ढोलावर नाचणाऱ्या रांगेत दुसऱ्या ढोलाची रांग घुसवून बघा! सिम्युलेशनवाल्यांचे आकडे आपसात जुळत नाहीत. पण ढोबळमानाने हा अडथळा काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीच्या पाण्याच्या थराएवढा भरतो. ग्राफिनचा एक थर मात्र जेमतेम ०.३४ नॅनोमीटरचा. म्हणून नॅनोफ्लुइडमध्ये किंवा चिप थंड करताना ४-५ हजारांचा आकडा एकटा कामाचा नाही, सीमेवर काय होतं ते आधी बघावं लागतं.

आणि पातेल्यात? तिथे हा अडथळा कुणाच्या खिजगणतीतही नाही, पण ग्राफिनचा फायदाही नाही! कारण खरी अडचण बाहेर, धुराकडून भांड्याला उष्णता मिळण्यातच आहे. तो रोध स्टीलच्या पत्र्याच्या रोधाच्या शेकडो पट. आत ग्राफिन फासा नाहीतर सोनं, आईची मोळी तेवढीच राहणार.

माझं म्हणणं एवढंच, की सेमिनारला उभं राहण्याआधी रोधांची बेरीज कागदावर मांडा. पाच मिनिटांचं काम, सेकंड इयरला शिकवलेलं. (सरांनीही ती विचारावी, नुसतं 'व्हेरी गुड' नको.)

पातेल्याभोवती बोटभर फट ठेवून पत्र्याचं कडं बसवलं तर गरम धूर बाजूंना घासत वर जातो, आणि वाऱ्याने आचही पळत नाही. वर्कशॉपच्या भंगारात पत्रा पडलाय. दिवाळीत एक कडं गावी नेतोय. पार्टनरही येतो म्हणालाय, थर्मामीटर त्याचा.