किण्वाचा उपवास आणि आपली एकादशी

पंढरपूर तालुक्यातील करकंबमध्ये आषाढी एकादशी म्हणजे घरोघरीचा उपवास. त्याच्या आठवडाभर आधी एक मधुमेही आजी नातवासह माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, गोळ्या चालूच ठेवते, पण दशमीच्या रात्रीपासून द्वादशीपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. सोळा तास उपाशी राहिलं की पेशी आपला कचरा आपणच खातात, असं हा सांगतो." नातवाच्या मोबाइलवर तसा संदेश होता आणि त्याखाली नोबेल पारितोषिकाचा दाखलाही.

दाखला खोटा नव्हता. पेशी स्वतःतील जीर्ण भाग वेढून विरघळवते आणि त्यांतील घटक पुन्हा वापरते. या स्वभक्षणाला क्रिश्चन द दुव्ह यांनी १९६३ मध्ये 'ऑटोफॅजी' असे नाव दिले. मात्र ते कोणती जनुके घडवून आणतात, याचा उलगडा पुढे तीन दशकांनी झाला आणि तोही पाव फुगवणाऱ्या किण्वात, म्हणजे यीस्टमध्ये.

किण्वाची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. तिच्यातील रिक्तिका म्हणजे तिचा खतखड्डाच. तेथे पडलेले सारे विकरे लगेच पचवतात, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. टोकियोतील योशिनोरी ओसुमी यांनी ही पचवणारी विकरेच नसलेले किण्व घेतले आणि त्याचा नायट्रोजन तोडून त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका इवल्या पिशव्यांनी गच्च भरली! मग त्यांनी रसायनांनी किण्वाच्या जनुकांत बदल घडवले आणि ज्या पेशींत पिशव्या जमेनात, त्या हजारोंतून वेचून काढल्या. १९९३ मध्ये मिकी त्सुकादा यांच्यासह त्यांनी अशा १५ जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. ओसुमींना २०१६ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

मला त्यातील पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. ही जनुके बिघडलेले किण्व भरल्या पोटी नीट वाढते. उपासमार लांबली की मात्र मरू लागते. यांपैकी बऱ्याच जनुकांची भावंडे आपल्या पेशींतही आहेत. त्यांतील एक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मतः जवळपास धडधाकट दिसली, पण दिवसभरात दगावली. नाळ तुटल्यापासून पुरेसे दूध मिळेपर्यंतचा काळ स्वतःच्या साठ्यावर काढावा लागतो, तो त्यांना निभावता आला नाही.

म्हणजे स्वभक्षण ही आधी तग धरण्याची सोय आहे. आपल्यात ती जेवल्यावरही मंदपणे चालूच असते. माणसाच्या कोणत्या अवयवात ती किती तासांनी वाढते, हे सांगणारी रक्ताची साधी तपासणी नाही. संदेशातले सोळा तास किण्वाने सांगितलेले नाहीत. शिवाय आपल्या उपवासाच्या ताटात साबुदाणा आणि भगर. त्यांनी साखर वाढण्याचाच संभव अधिक.

आजींची एक गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोट रिकामे असले तरी ती आपले काम करतेच. मग घाम, थरथर, भ्रम, प्रसंगी बेशुद्धी. तिची मात्रा त्या दिवसापुरती बदलून दिली आणि घरी साखर तपासण्याच्या वेळा लिहून दिल्या. आकडा ७० च्या खाली गेला तर साखरपाणी देऊन उपवास तेथेच सोडवायचा, हे नातवाकडून कबूल करून घेतले. निर्जळीसारखा कडक उपवास नको, हे आजींना पटायला वेळ लागला. उपवासाला ताक चालेल का, असे त्यांनी दोनदा विचारले. चालेल, म्हटले.