गच्चीवरची बाग : शेवंती रुसली, त्याची गोष्ट



नवरात्र आलं की आमच्या राजपुऱ्यात गच्च्यांवर हालचाल सुरू होते. पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या कुंड्या पुढे येतात, शेणखताची पोती जिन्यातून वर चढतात. आमच्या बुऱ्हाणपुरात उन्हाळ्यात गच्चीवर काही टिकत नाही, त्यामुळे घरच्या बागेचा खरा हंगाम म्हणजे आश्विन ते माघ.

पण या वेळी आधी गेल्या वर्षीची एक चूक सांगतो.

आईकडे पिवळ्या शेवंतीची जुनी कुंडी आहे. तिनं ती माहेराहून, रावेरहून आणली होती. दरवर्षी तिचीच पिल्लं काढून नव्या कुंड्या भरायच्या आणि लक्ष्मीपूजनाला घरचीच फुलं वाहायची, हा तिचा नेम. गेल्या दिवाळीत झाडं हिरवीगार, गुडघ्याएवढी वाढली, पण कळी एक नाही. खत बदललं, शेंडे खुडले, औषध मारलं. शेवटी फुलं बाजारातून आणली. आई एवढंच म्हणाली, "यंदा रुसली वाटतं." तिला किती लागलं, ते मला कळलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन तापीपलीकडे जैनाबादला अहुखाना बघायला गेलो. 1631 साली मुमताजचं बुऱ्हाणपुरात निधन झालं, तेव्हा आग्र्याला नेण्याआधी सुमारे सहा महिने तिला याच बागेत ठेवलं होतं. आज बाग नावापुरती. पण उभ्या कमानी बघताना वाटतं, पाणी आणि माणूस दोन्ही गेलं की बादशाही बागेचंही रान होतं.

परतताना रस्त्याकडेला झेंडू-शेवंतीचं शेत दिसलं, म्हणून थांबलो. तिथल्या बाबांना आमची तक्रार सांगितली. त्यांनी खताचं विचारलंच नाही. विचारलं, "रात्री झाडावर उजेड पडतो का?"

पडत होता. आदल्या वर्षी आई अंधारात गच्चीच्या पायरीवरून घसरली होती, म्हणून मीच तिथं मोठा एलईडी लावला होता. संध्याकाळी आपोआप लागायचा, सकाळी विझायचा. स्वतःच्या कामावर मी फार खूश होतो.

शेवंती रात्र मोजते. सप्टेंबरअखेर रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते, आणि सलग मोठा अंधार मिळाला की झाड पानं सोडून कळ्या धरतं. मध्ये उजेड पडला की त्याला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. फुलं उशिरा हवी असतील तर शेतकरी मुद्दाम शेतात रात्री दिवे लावतात. मी तेच केलं होतं, नकळत! घरी येऊन दिवा बंद केला. जानेवारीत कुंड्या फुलांनी भरल्या. दिवाळी मात्र गेली होती.

यंदा दिवा ठेवला आहे, कारण आईचा पायही महत्त्वाचा. पण त्याला टोपी करून उजेड फक्त पायऱ्यांवर पाडला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच शेवंतीच्या कुंड्या पाण्याच्या टाकीमागे हलवल्या. दिवसा तिथं चांगलं ऊन येतं, रात्री काळोख. शेंडे खुडणंही ऑगस्टअखेर थांबवलं. उशिरा खुडलं तर धरू पाहणाऱ्या कळ्याच जातात.

आता या महिन्याची कामं :

• मेथी, पालक, मुळा एकदम पेरू नका. ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपांना जाळतं. निम्मं बी आता, निम्मं पंधरा दिवसांनी.

• धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा.

• टोमॅटो, वांगी, फुलकोबीची रोपं संध्याकाळी लावा. पहिले चार दिवस दुपारी जुन्या साडीची सावली धरा.

• लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून खोचा. त्याला खोल कुंडी लागत नाही.

• पावसानं घट्ट झालेली काळी माती उकरून तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. नाहीतर पाणी वर साचतं आणि मुळं कुजतात.

आणि एक काम बिनखर्चाचं : दुसऱ्याची बाग बघायला जा. शेजारच्या काकूंची गच्ची असो की नदीकाठचं शेत, रिकाम्या हाती जाऊ नका. चार बिया न्या, चार आणा. मी महिनाभर मोबाईलवर खतं शोधत होतो; उत्तर मिळालं ते शेताच्या बांधावर, एका प्रश्नात.

परवा सकाळी आईनं टाकीमागून हाक मारली. पहिल्या कुंडीत अकरा कळ्या होत्या, हरभऱ्याएवढ्या. तिनं दोनदा मोजल्या. लक्ष्मीपूजनाला किती उमलतील, ते पुढच्या अंकात सांगतो.