मुक्काम कोठे करावा?

सहल ठरली की आधी स्थळाची चर्चा होते, मग वाहनाची, मग खाण्यापिण्याची. रात्री पाठ कोठे टेकायची हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि कोणीतरी एकजण तो परस्पर सोडवून टाकतो. माझ्या मते हाच प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. स्थळ कोणते पाहायचे हे उताऱ्यावर ठरत नसेल. पण ते कोण पाहणार आणि किती पाहणार, हे मात्र उताऱ्यावरच ठरते.

हे लिहिण्यास निमित्त आहे. यंदा आमच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची सहल समुद्रकिनारी, मालवण-तारकर्लीला न्यावी असे घाटते आहे. बीदरहून मालवण पाचशे किलोमीटरांहून दूर. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या कितीतरी मुलामुलींनी समुद्र पाहिला आहे तो केवळ पडद्यावर. तेव्हा स्थळाबद्दल वाद नाही. वाद आहे तो मुक्कामाचा. एक सूचना अशी की किनाऱ्यालगतच्या वातानुकूलित हॉटेलात तीन रात्री काढाव्यात. दुसरी अशी की गावातली जी कुटुंबे आपल्या घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, त्यांच्याकडे उतरावे. पहिल्या सूचनेला टाळ्या अधिक पडल्या. मी दुसऱ्या सूचनेच्या बाजूची आहे.

टाळ्या वाजवणारे ऐकू येतात. गप्प बसणारे ऐकू येत नाहीत. ज्याला परवडत नाही तो वर्गात उभा राहून “माझ्याजवळ पैसे नाहीत” असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, “घरी तुरीची रास आहे.” ती म्हणते, “भावाचं लग्न जमतंय.” मुलीच्या बाबतीत तर “घरचे नको म्हणतात” एवढे एक वाक्य पुरते. त्या वाक्यात धास्ती किती आणि वर्गणीचा आकडा किती, याची चौकशी कोणी करत नाही. पैसे भरण्याची मुदत संपते, यादी फलकावर लागते आणि आपण म्हणतो की ज्यांना हौस होती ते आले. हे खरे नाही. ज्यांना हौस होती त्यांच्यापैकी ज्यांना जमले ते आले.

सहलीच्या खर्चाचा हिशेब मांडून पाहावा. गाडीचे भाडे आपल्या हाती नाही. जेवणात काटकसर केली तरी ती थोडीच. भुकेल्या पोटी समुद्रही गोड लागत नाही. खरोखर कमी-जास्त करता येईल असा मोठा आकडा एकच उरतो, तो मुक्कामाचा. म्हणजे साधा उतारा निवडणे ही कंजुषी नाही. दारात उभ्या असलेल्या दहा जणांना आत घेण्याची ती युक्ती आहे. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. महाविद्यालयाच्या सहलीत अंथरूण कोणाचे पाहायचे? माझे उत्तर असे की ज्याचे सर्वांत आखूड, त्याचे.

हा विचार आपल्या जिल्ह्यांना परका नाही. प्रवाशाला साधा आणि सन्मानाचा निवारा कसा द्यावा हे बीदर-कलबुर्गीने कैक शतके दाखवले आहे. ज्या महमूद गावानच्या मदरशासमोरून आपण रोज जातो, तो १४७२ साली उभा राहिला तेव्हा त्याच्या तीन मजल्यांत वर्गांबरोबर विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्याही होत्या. दूर देशींहून आलेला विद्यार्थी आधी राहील कोठे, हा प्रश्न त्या वजिराने इमारत बांधतानाच सोडवला होता. त्याच बहामनी काळात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरून जुन्नरमार्गे आपल्या बीदरला आला. परदेशी व्यापारी येथे सरायांत उतरतात आणि तेथली घरधनीण त्यांना रांधून घालते, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली आहे. आज आपण त्याच्या उलट वाटेने, बीदरहून कोकणाकडे निघालो आहोत. ती घरधनीण तेथे अजून आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

आणखी जवळचे पाहा. बीदरच्या नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात यात्रेकरूला खोली मिळते आणि लंगरच्या पंगतीत सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवण मिळते. कलबुर्गीला शरणबसवेश्वरांच्या मंदिरात दासोह चालतो. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना या शब्दाचा अर्थ सांगायला नकोच. मराठी वाचकांसाठी म्हणते की ज्या अन्नदानात देणाऱ्यानेच स्वतःला सेवक मानायचे, तो दासोह. अफजलपूर तालुक्यातील गाणगापूरला, भीमा-अमरजेच्या संगमावर, महाराष्ट्रातून येणारे दत्तभक्त पुजाऱ्यांच्या घरी उतरत आले आहेत, आणि घरची श्रीमंती कितीही असो, तेथे पाच घरी माधुकरी मागून प्रसाद घेण्याची रीत ते पाळतात. बाहेरचे लोक आपल्याकडे येऊन असे साधेपणाने राहतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. मग आपण बाहेर निघालो की आपल्यालाच गुळगुळीत फरशी आणि थंड हवा का लागावी?

आता दुसरा मुद्दा, पाहण्याचा. हॉटेलच्या खिडकीतून समुद्र दिसतो, समुद्राकाठचा माणूस दिसत नाही. तारकर्लीच्या पुढे देवबाग नावाचे गाव आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर नारळीच्या सावलीत घरे. अशा घरी उतरले म्हणजे पहाटे उठून रापण पाहता येते. होडीतून लांबलचक जाळे पाण्यात अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडून माणसे रांगेने ते ओढत राहतात. जाळे वाळूवर आले की मासळीचे वाटे होतात. यांत्रिक नौकांनी मासे आधीच उचलून नेल्यामुळे जाळे कधी जवळजवळ रिकामे येते, हेही कळते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण सहकार आणि भांडवल यांवर टिपणे लिहून घेतो. येथे ती दोन्ही एका दोराला धरून उभी दिसतात. दुपारी त्याच घरी तांदळाची भाकरी, माशाची आमटी आणि सोलकढी. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्यांची उसळ. आपल्या मराठीत कानडी आणि दखनी मिसळलेली, त्यांची मालवणी नाकातून निघणारी. दोघेही एकमेकांना हसतील आणि तिसऱ्या दिवशी दोघांनाही सगळे समजू लागेल. भाषा विषय घेतलेल्यांना याहून चांगले प्रात्यक्षिक कोठे मिळेल?

समोरच सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. हा सारा जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर पाहुण्यांचा ओघ वाढला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना अशा घरगुती खोल्यांसाठीच आहे. म्हणजे आपण मागतो आहोत ते काही चमत्कारिक नाही.

जगातही हाच वाद आहे. वेस्ट इंडीजची बेटे आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक. १९७१ साली सुनील गावस्कर यांनी तेथे पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. त्या बेटांवर आज अशी मोठमोठी विश्रामस्थाने आहेत की एकदा पैसे भरले की जेवणखाण, करमणूक, किनारा सारे कुंपणाच्या आतच. पाहुणा आठवडाभर राहून परततो, पण गावच्या बाजारात त्याचा एक पैसा पडत नाही आणि गावातल्या एकाही माणसाशी त्याची ओळख होत नाही. शेजारच्या क्यूबाने १९९७ साली सामान्य कुटुंबांना घरची खोली परदेशी पाहुण्यांना भाड्याने देण्याची कायदेशीर परवानगी दिली. अशा घराच्या दारावर उलट्या नांगरासारखी निळी खूण असते. एकच समुद्र, पण कुंपणाच्या आत राहिलेल्याने एक देश पाहिला आणि निळ्या खुणेच्या दारातून आत गेलेल्याने दुसरा.

विरुद्ध बाजूचे आक्षेप मला ठाऊक आहेत. साधे म्हणजे घाणेरडे नव्हे, हे आधी स्पष्ट करते. संडास स्वच्छ असावा, न्हाणीघराला आतून कडी असावी, पिण्याचे पाणी उकळलेले असावे, मुलींच्या खोल्या एकाच घरात किंवा शेजारच्या घरात असाव्यात आणि प्राध्यापिका त्याच घरी मुक्कामाला असाव्यात. यांतली एकही गोष्ट चैनीची नाही, म्हणून यांतल्या एकीवरही तडजोड नको. उलट ज्या घरात एक आजी, एक सून आणि शाळेत जाणारी मुले वावरतात, तेथे आपली मुलगी तीन रात्री राहणार आहे हे ऐकून माझ्या गावची आई अधिक निर्धास्त होईल. हॉटेलातल्या लांबलचक बोळाने आणि अनोळखी खोल्यांच्या रांगेने तिला धीर येणार नाही.

परंतु एक आक्षेप असा आहे की तो मला स्वतःलाच सुचला आणि तो हलका नाही. हॉटेलात पैसे मोजले की खोली मिळते. घरी उतरायचे म्हटले की घरधनी आडनाव विचारू शकतो. मागे एका तीर्थाच्या गावी आम्ही चौघी मैत्रिणी गेलो असता उतरण्याच्या जागी वहीत नावे लिहिताना प्रत्येकीचे आडनाव विचारले गेले, आणि एकीचे आडनाव ऐकताच रिकामी खोली भरलेली निघाली. आम्ही चौघीही बाहेर पडलो. हे नवे नाही. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना उतरायला जागा मिळेना. ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि ओळख उघडी होताच लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले, म्हणजे सहलीलाच निघाले, तेव्हा ठरलेल्या मुक्कामांखेरीज वाटेत कोठेही आपली ओळख सांगायची नाही असे त्यांना ठरवावे लागले. तरी दौलताबादच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून गहजब झालाच. तो मुलूख तेव्हा आपल्याच निजामी राज्यातला होता. पंढरपूरला गाडगे महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधली, ती इतर धर्मशाळांची दारे बंद होती म्हणूनच. पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

तेव्हा जुन्या धर्मशाळेचे, ओसरीचे आणि पडवीचे सरसकट गोडवे मी गाणार नाही. गोडवे गाणाऱ्यांना बहुधा पडवीतून कोणी उठवलेले नसते. पण म्हणून हॉटेलच बरे, असेही मी म्हणणार नाही. हॉटेल आडनाव विचारत नाही हे खरे. ते खिसा विचारते. एका दारात जात अडवते, दुसऱ्या दारात गरिबी, आणि आपल्या भागात बहुतेक वेळा अडणारा माणूस तोच असतो. आपल्याला असे तिसरे दार शोधायचे आहे की जेथे यांतले काहीच विचारत नाहीत. ते अशक्य नाही. लंगरची पंगत आपल्या शहरात रोज बसते आहे.

म्हणून गुरुजनांना आणि सहल-समितीला माझी विनंती आहे. स्थळ ठरल्याबरोबर मुक्कामाचा खर्च आधी ठरवावा, आणि तो वर्गातल्या सर्वांत अडचणीतल्या विद्यार्थ्याला पेलेल इतकाच ठरवावा. तो विद्यार्थी कोण हे जाहीरपणे विचारू नये. प्रत्येकाने आपल्याला झेपणारी रक्कम नाव न घालता चिठ्ठीवर लिहून द्यावी. घरे ठरवण्याआधी एक प्राध्यापक आणि एक प्राध्यापिका यांनी ती पाहून यावीत. “आमच्यात सर्व जातिधर्मांची मुले आहेत, ती एकाच पंगतीत जेवतील आणि एकाच माठातले पाणी पितील” हे घरमालकाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. ज्याच्या कपाळाला आठी पडेल त्याचे घर कितीही समुद्राजवळ असो, सोडून द्यावे. आणि मालवण जुळले नाही तर लांबचा हट्ट न धरता जवळचे स्थळ निवडावे, पण यादी अर्धी करून लांब जाऊ नये.

तीन रात्री साध्या गादीवर झोपल्याने कोणाची पाठ मोडत नाही. वर्गातली निम्मी नावे गाळून आपण समुद्राला गेलो, तर त्या सहलीला महाविद्यालयाचे नाव लावण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. ती ऐपतदारांची सहल झाली. ती त्यांनी खुशाल आपल्या सुटीत काढावी.